कडाडून भूक लागते, कडाडून झोप का लागत नाही?

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

माझं वय 26. शाळा उमरेडजवळच्या गावात झाली, जिल्हा परिषदेची, पूर्ण मराठी माध्यम. बी.कॉम. नागपुरात केलं. आता वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्स आणि पार्ट्यांचा पत्रव्यवहार पाहते. सगळे मेल इंग्रजीत. वाचलेलं बरंच समजतं, पण लिहायला बसले की तेच ते दहा-बारा शब्द फिरून फिरून येतात. म्हणून शब्दांचं एक जाड पुस्तक आणलं आणि रोज 30 शब्द पाठ करायला लागले. वहीत 600 च्या वर शब्द झाले. गेल्या महिन्यात एका मोठ्या पार्टीला 'मेनी ट्रक्स आर लेट' असं कळवायचं होतं. फारच साधं वाटलं, म्हणून मोबाइलवर थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडून 'अ प्लेथोरा ऑफ व्हेइकल्स आर टार्डी' असं लिहिलं. तिकडून फोन आला, नेमकं झालं काय ते सांगा. साहेबांनी तो मेल सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तेव्हापासून वही उघडली नाही. कोणती डिक्शनरी घेऊ? थिसॉरस वापरूच नये का? आणि या वयात शब्द वाढतात का, की ते लहानपणापासून इंग्रजी शाळेत गेलेल्यांचंच काम आहे?

— एक वाचक, वाडी, नागपूर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि आधी राग आला तो मेल मोठ्याने वाचून दाखवण्याचा. शिकणाऱ्याची चूक चारचौघांत मांडली की तो शिकायचंच सोडतो. तूही वही मिटून ठेवलीस. ती आजच काढ. त्यातलं बरंच खोडावं लागेल, पण वही लागणार आहे.

मी 31 वर्षं नागपुरातल्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी शिकवलं. 'लेट' लिहून मोकळी होणारी मुलं प्रत्येक वर्गात भरपूर असतात. 'लेट' लिहिल्यावर याहून नेमका शब्द असेल का, असं वाटून शोधायला निघणारी एखादीच. ती ओढ तुझ्यात आहे, बेटा. शोधायची जागा तेवढी चुकली.

तो मेलच आधी पाहू. 'प्लेथोरा' हा मूळचा वैद्यकातला शब्द. अंगात रक्त प्रमाणाबाहेर वाढलंय, अशा विकाराला जुने डॉक्टर ते नाव देत. तो अतिरेक त्या शब्दात अजून आहे: हवं त्याहून जास्त, उतू जाईल इतकं. म्हणजे पार्टीने वाचलं ते साधारण 'गाड्यांचा नुसता सुळसुळाट झालाय' असं काहीतरी. 'टार्डी'चा अर्थ उशिरा येणारा हे खरं, पण त्यात करणाऱ्याची ढिलाई सुचवलेली असते. अमेरिकेतल्या शाळांत उशिरा आलेल्या मुलाच्या नावापुढे हाच शब्द लिहितात. ट्रकला तो लावला की ट्रकच आळशी ठरतो. मोबाइलने तुला हे दोन शब्द 'मेनी' आणि 'लेट' यांच्या रांगेत दाखवले, आणि त्या रांगेत ते असतातही. पण रांग एक असली म्हणून एकाच्या पाटावर दुसऱ्याला बसवता येत नाही.

ही गोष्ट मराठीत तुला कुणी शिकवली नाही, तरी पक्की येते. भूक कडाडून लागते. झोप कडाडून लागत नाही, ती गाढ लागते. थंडी कडाक्याची पडते, ताप फणफणून येतो, ऊन रणरणतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात कुणी 'आज ऊन फार मोठं आहे' असं म्हणालं, तर अर्थ कळतो, पण माणूस बाहेरचा आहे हेही कळतं. इंग्रजीतही तसंच. पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. चहा 'स्ट्राँग', ताप 'हाय', थंडी 'बिटर'. भाषेचे अभ्यासक याला कोलोकेशन म्हणतात. मी वर्गात 'शब्दाचे सोबती' म्हणायचे, कारण सातवीतल्या मुलांना ते लगेच पटायचं. तुझ्या वहीतल्या 600 शब्दांपुढे अर्थ आहेत, सोबती एकाचाही नाही. म्हणून ते शब्द वहीतून उठून मेलमध्ये येत नाहीत, आणि आलेच तर भलत्याच्या शेजारी जाऊन बसतात.

आता डिक्शनरी. दुकानात गेलीस की चार-पाच प्रकार समोर ठेवतील. तुला हवी ती 'लर्नर्स डिक्शनरी', म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याचा जन्मही वेगळा आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. जपानी मुलं कुठे अडखळतात ते रोज पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक कोश केला. तो 1942 साली, ऐन युद्धात, जपानमध्येच छापला गेला. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो काढला, आणि पुढे वाढत वाढत तोच आजचा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी झाला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेल्या कोशात त्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसत नाहीत. तुला-मला नेमक्या त्याच लागतात. हॉर्नबींनी त्या लिहिल्या.

उदाहरण तुझ्याच टेबलावरचं देते. 'डॅमेज' हा शब्द लर्नर्स डिक्शनरीत काढ. पुढे चौकोनात किंवा कंसात एक बारीक यू दिसेल. म्हणजे हे नाम मोजता येत नाही. माल कितीही फुटला, कितीही ठिकाणी फुटला, तरी 'डॅमेज'च. खाली वेगळी नोंद असते, 'डॅमेजेस', अनेकवचनी. तिचा अर्थ कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई. माल फुटल्याचं कळवताना तू 'देअर आर मेनी डॅमेजेस' लिहिलंस, तर एका एसने गोष्ट गोदामातून कोर्टात गेली. पार्टीचा वकील ते वाक्य आनंदाने फाइलला लावेल. इन्फर्मेशन, इक्विपमेंट, लगेज, फर्निचर यांच्यापुढेही तोच यू असतो. तो बारीक यू बघायची सवय लागली की मेलमधल्या निम्म्या चुका गळतात, असं मी वर्षानुवर्षं वह्या तपासून सांगते.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे क्रियापदाचा साचा. आपण मराठीत 'दराबद्दल चर्चा केली' म्हणतो, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट द रेट' लिहून मोकळे होतो. आपला 'बद्दल' तिथे 'अबाउट' होऊन घुसतो. 'तुम्हाला कळवते' मधला 'ला' असाच 'टु' होऊन येतो आणि 'इन्फॉर्म टु यू' तयार होतं. लर्नर्स डिक्शनरीत 'डिस्कस समथिंग', 'इन्फॉर्म समबडी' असा साचा ठळक अक्षरात छापलेला असतो, मध्ये काही नाही. 'एक्सप्लेन' काढलंस तर 'एक्सप्लेन समथिंग टु समबडी' दिसेल, म्हणजे 'एक्सप्लेन मी' चालणार नाही, तिथे मात्र 'टु' हवाच. हे नियम म्हणून पाठ करायला बसलीस तर कंटाळशील. शब्द उघडलास की साच्यावर एक नजर टाकायची, इतकंच कर.

तिसरी गोष्ट लेबलं. शब्दाच्या पोटात 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'लिटररी', 'ओल्ड-फॅशन्ड' असं तिरक्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय शब्द उचलायचा नाही. आपल्याकडच्या ऑफिसांत 'उत्तर द्या' या अर्थी 'रिव्हर्ट' सर्रास चालतं, 'प्रीपोन' तर आपलंच. नव्या कोशांत त्यांच्यापुढे 'इंडियन इंग्लिश' अशी खूण असते. ते शब्द चूक आहेत असं मी म्हणणार नाही. नागपूर-रायपूरच्या पार्टीला खुशाल लिही. पण परदेशातल्या माणसाला 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, त्याला 'रिप्लाय' लिही.

कोणत्या कंपनीची घ्यावी? ऑक्सफर्डची सांगितली. लाँगमनची 1978 साली पहिल्यांदा आली आणि तिच्यातले सगळे अर्थ सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांत दिलेले आहेत, त्यामुळे अर्थ समजायला पुन्हा डिक्शनरी उघडावी लागत नाही. अशा मोजक्या शब्दांची कल्पना ज्यांनी रुजवली त्यांपैकी एक, मायकेल वेस्ट, आपल्याच उपखंडात, ढाक्यात काम करत होते. कोबिल्ड नावाची लर्नर्स डिक्शनरी 1987 ची, बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेली. तिच्यात अर्थ पूर्ण वाक्यात सांगतात, म्हणजे शब्द कुणाबद्दल, कशाबरोबर वापरतात ते अर्थातच येतं. मला विचारशील तर तुझ्यासाठी लाँगमन किंवा ऑक्सफर्ड, जी बर्डीत जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळेल ती. एखाददुसरी आवृत्ती जुनी असली तरी बिघडत नाही. 'डॅमेज'चा यू बदललेला नाही. पैसे घालायचेच नसतील तर ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज या तिन्हींच्या लर्नर्स डिक्शनऱ्या मोबाइलवर फुकट पाहता येतात. तरीही घरात एक छापील असावी असं मला मनापासून वाटतं, कारण पानावर शोधलेल्या शब्दाच्या वर-खाली आणखी सहा शब्द दिसतात आणि त्यातला एखादा सहज डोक्यात राहतो.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी फेकून देऊ नकोस. शाळेपासून तीच हाताशी असते आपल्या, आणि नवा शब्द पहिल्यांदा भेटला की तिच्यासारखा दिलासा नाही. 'थ्रेशहोल्ड' म्हणजे उंबरठा, हे तिने एका शब्दात सांगितलं की विषय संपला. अडचण येते ती लिहिताना, उलट्या दिशेने जाताना. मराठीतल्या एका शब्दासमोर इंग्रजीतले सहा उभे राहतात आणि त्यातला कुठला, ते ती सांगत नाही.

इथे मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती बाकी सगळं विसरलीस तरी विसरू नकोस. इंग्रजी शब्द शोधायच्या आधी मराठी शब्द नेमका कर. तुझ्या ऑफिसात दिवसातून वीस वेळा कुणीतरी म्हणत असेल, 'गाडी थांबली.' पण म्हणजे काय झालं? जामात खोळंबली? लोडिंग उशिरा झालं म्हणून रखडली? चेकपोस्टवर अडवून ठेवली? रस्त्यात बंद पडली? की गोदामाच्या आवारातल्या चिखलात फसली? मराठीत हे पाच वेगळे शब्द आहेत आणि तुला पाचही येतात. एकदा मराठी शब्द ठरला की इंग्रजी शब्द सापडायला वेळ लागत नाही. खोळंबली ती 'हेल्ड अप'. रखडली ती 'डिलेड'. अडवून ठेवली ती 'डिटेन्ड', त्यात अधिकाऱ्याचा हात आला, आणि 'डिटेन्शन चार्जेस' हा शब्द तू बिलात रोज टाइप करतेसच. बंद पडली ती 'ब्रोक डाउन', फसली ती 'गॉट स्टक'. यातला एकही शब्द जाड पुस्तकातला नाही. तुला बहुतेक सगळे आधीच ओळखीचे आहेत. पण 'लेट' म्हटल्यावर पार्टीला जे कळत नव्हतं ते यातल्या प्रत्येक शब्दाने कळतं: कारण काय, दोष कुणाचा, आणि हॉल्टिंगचे पैसे कुणी द्यायचे.

मराठी माध्यमात शिकल्याचं तुला ओझं वाटतंय, ते पत्रात दिसतं. मला मात्र तिथे तुझी पुंजी दिसते. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी-इंग्रजी कोश केला, 1831 साली. 1857 मध्ये त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली, त्यात सुमारे 60,000 शब्द. कधी वाचनालयात गेलीस तर तो कोश मागून घे आणि 'अडणे'च्या आसपासचं पान उघड. आपल्या एकेका शब्दाच्या छटा इंग्रजीत पकडायला त्या माणसाने किती शब्द खर्च केलेत ते पाहा. ज्या भाषेत इतक्या छटा आहेत ती तुला घरातून मिळाली आहे.

आता थिसॉरस. वापरूच नये का, असं विचारलंस. वापर, पण त्याचं काम समजून. पीटर मार्क रोजे नावाच्या डॉक्टरने 1852 साली पहिला इंग्रजी थिसॉरस छापला. शब्द अकारविल्हे न लावता त्याने कल्पनांप्रमाणे लावले, एका कल्पनेचे सगळे शब्द एका ठिकाणी. आपल्याला हा प्रकार नवा नाही. अमरकोशात स्वर्ग, भूमी, पर्वत, वनौषधी असे वर्ग पाडून शब्द लावलेले आहेत, आणि रोजेने आपल्या प्रस्तावनेत अमरकोशाचा उल्लेखही केला आहे. पण पूर्वीच्या मुलांनी अमरकोश पाठ केला तो शब्द आठवावा म्हणून. कुठला शब्द कुठे शोभतो ते त्यांना काव्य वाचून कळायचं. थिसॉरसही आठवण करून देतो. जिभेवर असलेला, येता येता राहिलेला शब्द तो समोर ठेवतो, आणि तू पाहशील तेव्हा 'हां, हाच!' असं होतं. जो शब्द पाहून 'हां' होत नाही, जो तू पहिल्यांदाच पाहतेयस, तो थिसॉरसमधून थेट मेलमध्ये जाता कामा नये. आधी लर्नर्स डिक्शनरीत त्याची चौकशी करायची: यू आहे का, साचा काय, लेबल काय, दिलेल्या उदाहरणांत तो कुणाबरोबर दिसतो. 'टार्डी'ची ही चौकशी केली असतीस तर अर्ध्या मिनिटात तो बाजूला पडला असता.

याशिवाय ऑक्सफर्डची कोलोकेशन्स डिक्शनरी मिळते. तिच्यात अर्थ जवळजवळ नाहीतच, नुसते सोबती. 'क्लेम' काढला की त्याच्यापुढे कुठली क्रियापदं येतात ती यादी. वर्षभराने घे. आत्ता नको, एका वेळी एक पुस्तक पुरे.

तुझ्या जाड पुस्तकाबद्दल. अशा पुस्तकांत बहुधा लॅटिन-ग्रीक मुळं देऊन शब्द शिकवतात आणि त्यात मजा आहे, मी नाही म्हणत नाही. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. तुझ्या कंपनीच्या पाटीवरचा 'ट्रान्सपोर्ट' तिथूनच आला, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टर, पोर्टेबल, डिपोर्ट हे सगळे त्याच घरचे. पण शाळेत संस्कृतच्या तासाला बाईंनी सांगितलेलं आठव: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, 'हृ', आणि उपसर्गाने अर्थ कुठच्या कुठे नेला. आहार माहीत आहे म्हणून संहाराचा अर्थ लागत नाही. इंग्रजीतही मूळ कळल्याने शब्द लक्षात राहायला मदत होते, अर्थाचा अंदाज मात्र बऱ्याचदा चुकतो. 'ऑपॉर्च्युनिटी'त 'पोर्ट' ऐकू येतो, तो वाहून नेण्याचा नव्हे, बंदराचा आहे. वारा बंदराच्या दिशेने वाहतोय, यावरून अनुकूल वेळ, आणि त्यावरून संधी.

(आपल्या शहराचं एक सांगायचा मोह आवरत नाही. 'ऑरेंज' हा शब्द आपल्या 'नारंग'चाच प्रवास करून आलेला आहे: फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा, आणि पुढे युरोपातच कुठेतरी तोंडचा न गळाला. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर बसलीस की आठव.)

आणि रोज 30? बंद कर. सामान्य इंग्रजी मजकुरातले साधारण 80 टक्के शब्द नेहमीच्या 2000 शब्दकुळांतलेच (म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) असतात. ते तुला येतात असं तुला वाटतं, कारण अर्थ येतो. पण 'मीट' म्हणजे भेटणं एवढंच येत असेल तर 'मीट द डेडलाइन' तुझ्या हातून लिहिलं जात नाही. 'रेझ' म्हणजे उचलणं, मग 'रेझ ॲन इनव्हॉइस'? 'सेटल अ क्लेम', 'प्लेस ॲन ऑर्डर', 'क्लिअर द ड्यूज', 'बेअर द कॉस्ट'. शेवटचं बघ कसं आपल्यासारखं आहे, खर्च सोसणं. तुला नवे शब्द कमी आणि या ओळखीच्या शब्दांची नवी कामं जास्त हवी आहेत. आठवड्याला दहा-बारा पुरेत.

हे शब्द कुठून घ्यायचे? तुझ्याकडे येणाऱ्या मेलमधून. ज्या पार्टीचं इंग्रजी चांगलं आहे, अशी एखादी असेलच, तिचे जुने मेल काढ आणि त्यांनी तीच गोष्ट कशी लिहिली ते पाहा. वहीत डावीकडे मराठी वाक्य लिही, तुझ्या कामातलं, खरं: 'बिल्टीवर 40 नग आहेत, उतरले 38.' उजवीकडे त्याचं इंग्रजी, डिक्शनरीत पाहून पक्कं केलेलं. नुसता शब्द कधीच लिहू नकोस. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून डावीकडचं वाचायचं आणि इंग्रजी तोंडाने म्हणायचं. मग आठवड्याने, मग महिन्याने. ज्या वाक्यापाशी अडलीस त्याला पेन्सिलने टिंब दे आणि ते पुन्हा पहिल्यापासून घे. जुन्या 600 पैकी जे शब्द महिनाभरात कुठल्याही मेलमध्ये, कुठल्याही बातमीत भेटले नाहीत, ते सरळ खोडून टाक. वाईट वाटेल. माझ्याही वहीत असे पुष्कळ होते.

वाचायला 'हितवाद' घे. 1911 पासून आपल्या नागपुरात निघणारं इंग्रजी वर्तमानपत्र आहे. पहिल्या पानाच्या दिल्लीच्या बातम्या सोडून दे आणि शहराचं पान उघड. तीच बातमी सकाळी मराठी पेपरात वाचलेली असू दे. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि घराघरांत पाणी शिरलं, ते तुला डोळ्यांनी नाही तरी ऐकून ठाऊक आहे. अशी बातमी इंग्रजीत वाचताना प्रसंग समजून घेण्यात शक्ती जात नाही, सगळं लक्ष शब्दांवर राहतं. पाणी 'शिरलं' याला त्यांनी काय लिहिलं, 'वाहून गेलं' याला काय. मात्र पोलिसांच्या बातमीतले 'नॅब्ड', 'मिस्क्रियंट' वगैरे शब्द पेपरातच राहू देत, पार्टीला पाठवू नकोस.

वयाचं फार बोलत नाही. रोजेचा थिसॉरस छापून आला तेव्हा तो 73 वर्षांचा होता. उच्चार लहानपणी जितके सहज बसतात तितके पुढे बसत नाहीत, शब्दांचं तसं नाही, ते माणूस जगतो तोवर वाढतात. माझ्या सासूबाई सत्तरीत बँकेचं पासबुक वाचता यावं म्हणून 'विड्रॉवल' आणि 'डिपॉझिट' शिकल्या आणि मग त्यांनी कॅशियरची चूक काढून दाखवली.

तो मेल मात्र पुन्हा लिहायचा आहे. त्यात 'लेट' हा शब्द कमकुवत नव्हता, 'मेनी' होता. पार्टीला किती गाड्या, कुठे, का आणि कधी पोचणार, हे हवं होतं. समज तीन गाड्या रायपूर रोडला देवरीजवळ जामात अडकल्या होत्या, तर: 'थ्री ऑफ अवर ट्रक्स हॅव बीन हेल्ड अप इन ट्रॅफिक निअर देवरी. वी एक्स्पेक्ट देम टु रीच यू बाय थर्सडे ईव्हनिंग.' दोन वाक्यं, सगळे शब्द तुला येणारे. त्या दिवशी खरं काय झालं होतं ते तुला माहीत आहे, मला नाही. या रविवारी वही घे, आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत, आणि दोन्ही मला पाठव. मी तपासून परत पाठवीन, लाल पेनने नाही, पेन्सिलने.

तुझी,
बाई